खुशालरावांची कोरी मोटार

कोणतीही वस्तू आतून कशी आहे हे फक्त तिच्या मालकाला ठाऊक असतं आणि वरून कशी आहे हे साऱ्या जगाला. मालक एक, जग फार. तेव्हा शहाण्या माणसाने मेहनत नेहमी वरच्या बाजूवर करावी. सरकारही हेच करतं. आमच्या कचेरीला दर तीन वर्षांनी बाहेरून चुना लागायचा आणि आतून वाळवी लागायची. मी एकतीस वर्षं आतच बसलो, त्यामुळे दोन्ही खात्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे.

मी किसनराव, अमरावतीच्या कचेरीतल्या जुन्या दप्तरांच्या खोलीचा पेन्शनर. सन १९३८ च्या पौषात खुशालराव पाटील माझ्या घरी आले. भातकुलीकडे त्यांची दीडशे एकर काळी जमीन आणि अमरावतीत विजेचे दिवे असलेलं घर. त्यांनी मला एका समितीचा चिटणीस नेमलं. कोणत्या समितीचा, हे मी विचारलं नाही. पेन्शनर माणसाने असले प्रश्न विचारू नयेत, नेमणूक परत जाते.

समितीचं काम मोटार चमकवण्याचं होतं, पण त्याची पाळंमुळं सोयरिकीत होती. खुशालरावांची मुलगी सत्यवती. अकोल्याचे शेषराव आपला मुलगा देवीदास याला घेऊन तिला पाहायला आले होते. पाणी देताना सत्यवतीचा हात हलला आणि अर्धा गडू देवीदासच्या धोतरावर सांडला. देवीदास रागावला नाही. उलट मोठ्याने हसला आणि म्हणाला, उन्हाचं बरंच वाटलं. त्या क्षणापासून सत्यवतीला दुसरं काही सुचेना, आणि तिने हे आत्याला तोंडाने सांगून टाकलं. आत्या म्हणजे खुशालरावांची थोरली विधवा बहीण मनकर्णाबाई. घर तिच्याच हाताखाली चालायचं.

शेषरावांना काही नको होतं. हुंडा नको, सोनं नको. फक्त एकच, घर बरोबरीचं पाहिजे. "आमच्या घरी मोटार हाये," ते म्हणाले, "सध्या मुंबईले दुरुस्तीले गेली."

खुशालराव म्हणाले, "आमची त कोरी हाये. खोक्यातून काहाडलेली."

तेव्हा खुशालरावांकडे दोन बैल आणि एक रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, होती. (रेंगीला त्यांनी त्याच महिन्यात नवा वंगणाचा डबा घेतला होता, तेव्हा यांत्रिक वाहनाच्या दिशेने त्यांची वाटचाल सुरू होतीच.) पाहुणे गेले आणि आठ दिवसांत त्यांनी गोवर्धन मिस्त्रीकडून एक मोटार घेतली. गोवर्धनने तिला काळ्या रंगाचा एक हात मारून दिला आणि शपथेवर सांगितलं की ही नवीनच आहे, फक्त तिला नवीन होऊन काही वर्षं झाली आहेत.

इथे थोडी आकडेवारी देणं भाग आहे. माझ्या गणतीप्रमाणे त्या साली अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून खाजगी मोटारी चौसष्ट होत्या. त्यांपैकी मुंबईहून आलेल्या अठ्ठावीस. बाकीच्या छत्तीस म्हणजे याच अठ्ठावीसपैकी काही, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मोजलेल्या. आपल्या वऱ्हाडात मोटार एकदाच येते. पुढे ती फक्त रंग बदलते आणि दार बदलते.

सोयरीक मोडली तर सत्यवतीसाठी दुसरं स्थळ तयार होतं. भातकुलीचे एक गृहस्थ, वय बेचाळीस, दोन बायका वारलेल्या. त्यांनीही केसांना नुकताच काळा रंग दिला होता, आणि तोही एकच हात. सत्यवती त्यांचं नाव निघालं की जेवणावरून उठायची.

माघ शुद्ध दशमीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पाहुणे आगगाडीने बडनेऱ्याला उतरणार आणि तिथून खुशालराव शेषरावांना कोऱ्या मोटारीतून आणि बाकीच्यांना टांग्यांतून घरी आणणार. अडचण एवढीच होती की मोटार कोरी दिसत नव्हती. ती तव्यासारखी दिसत होती. म्हणून मुंबईहून विजेवर फिरणारं घासणीचं मशीन मागवलं. कोहळ्याएवढं लोखंडी अंग, दोन्ही बाजूंना मुठी, पुढे मेंढीच्या लोकरीची गोल गादी, आणि बटण दाबलं की ती अशी गरगरायची की बघणाऱ्याला घेरी यावी. गल्लीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'भवरा' ठेवलं. भवरा सुरू झाला की शेजारपाजारचे दिवे मंद व्हायचे, त्यामुळे चमकेची प्रगती आसपासच्या अकरा घरांना आपोआप कळत असे.

समितीत चौघे होतो. खुशालराव अध्यक्ष. गोवर्धन मिस्त्री तज्ज्ञ, कारण त्याने मुंबईत असं मशीन एकदा रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं. नत्थुजी हे विद्यार्थी. ते खुशालरावांचे साडू, जुने पहिलवान, आणि विद्यार्थ्याची निवड करताना दंडाचा घेर हीच कसोटी लावल्यामुळे दुसऱ्या कोणाचा प्रश्नच आला नाही. चौथा मी. मशीनसोबत इंग्रजीत सोळा पानांचं पुस्तक आलं होतं, त्यातल्या सूचना मी वाचून दाखवायच्या आणि समितीने त्यांवर ठराव करायचे. इतिवृत्त माझ्याकडे आहे, त्यातला गाभा देतो.

सूचना पहिली: नवशिक्याने आधी जुन्या पत्र्यावर हात बसवावा. ठराव: पाटलाच्या घरी टिनावर शिकणं शोभत नाही. नामंजूर.

सूचना दुसरी: हाताने जोर देऊ नये, मशीनचं वजनच पुरे. ठराव: ही सूचना अशक्त देशांकरता असावी. नत्थुजींना लागू नाही.

सूचना तिसरी: एका जागी थांबू नये, मशीन सतत फिरतं ठेवावं. मंजूर. मात्र नत्थुजींना दम लागल्यास आहे तिथेच थांबायची मुभा राहील.

सूचना चौथी: गादी ओलसर ठेवावी, रंग तापू देऊ नये. ठराव: पाण्याचा विचार पुढच्या सभेत. (पुढची सभा अजून व्हायची आहे.)

सूचना पाचवी: कडा आणि कंगोरे सांभाळावेत, तिथे रंग पातळ असतो. यावर खुशालराव म्हणाले की पातळ असेल तिथेच जास्त घासायला हवं, म्हणजे बाकीच्याच्या बरोबरीला येईल. इतकं सरळ बोलणं मी कचेरीतही ऐकलं नव्हतं.

टिनावर शिकायचं नाही असं ठरल्यावर कशावर तरी शिकणं आलंच. नत्थुजींनी सुचवलं की पोळ्याला आपण बैलाची शिंगं घासूनपुसून चमकवतो, तीच परंपरा विजेवर चालवावी. खुशालरावांचा सर्जा बैल अंगणात उभा होता. त्याचं डावं शिंग निवडलं. शिंगाला लेप लावला, नत्थुजींनी मशीन टेकवलं, खुशालरावांनी बटण दाबलं. पुढचं मला क्रमाने सांगता येत नाही, कारण मी तेव्हा तुळशीवृंदावनाच्या मागे होतो. एवढं नक्की की सर्जा चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागला, शिंगात गुंतलेली मशीनची तार भिंतीतून उखडून त्याच्यामागे निघाली आणि नत्थुजी मशीन सोडत नसल्यामुळे तेही काही अंतर त्याच दिशेला गेले. सर्जा तिसऱ्या दिवशी सापडला. डाव्या शिंगाच्या टोकाला चमक उत्तम होती. समितीने नत्थुजींना पहिल्या वर्गात उत्तीर्ण केलं.

साक्षगंधाला चार दिवस उरले तेव्हा भवरा मोटारीला लागला. सुरुवात डाव्या दारापासून केली, कारण बडनेऱ्याला पाहुण्यांसमोर डावी बाजू येणार होती. ते दार तसंही कोणाला उघडत नव्हतं, म्हणून गोवर्धनने सांगून ठेवलं होतं की ते शोभेचं आहे. नत्थुजींनी दंड थोपटले, लंगोट सावरला आणि मशीनवर सगळं अंग टाकलं. एक वीतभर जागा खरोखर लकाकली. खुशालरावांना भरून आलं. चमक पळून जाईल, तिला तिथंच दाबून धरा, असं त्यांनी सांगितलं. नत्थुजींनी दाबून धरलं. आधी करपल्याचा वास आला, मग धूर आला, आणि धूर गेला तेव्हा काळा रंग गेला होता आणि दार हिरवं झालं होतं.

"हे हिरवं काहून आलं?" खुशालरावांनी विचारलं.

गोवर्धन म्हणाला, ते अस्तर आहे, चांगल्या कोटाला असतं तसं भारी मोटारीला असतं. अस्तर म्हटल्यावर नत्थुजींना हुरूप आला. तज्ज्ञ मना करेपर्यंत त्यांनी अस्तरही काढलं. हिरव्याखालून आधी पिवळी चोच निघाली, मग लाल गळपट्टा, आणि मग वीतभर उंचीचा एक राघू पूर्ण बाहेर आला. रंगवणाऱ्याने त्याला एकच डोळा काढला होता. दुसऱ्या डोळ्याची जागा कोरी होती, आणि खुशालरावांच्या सबंध मोटारीत कोरी म्हणता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

तज्ज्ञांच्या मते तो कंपनीचा छाप होता. विलायतेत राघू नसतात असा माझा समज आहे, पण तो मी इतिवृत्तात लिहिला नाही. नवा रंग द्यावा तर माघाच्या गारठ्यात तो वाळायला आठ दिवस, आणि हातात होते चार. खुशालराव मोटारीच्या पायरीवर बसले आणि डोक्याला हात लावून म्हणाले की आता शेषराव आपल्याला लबाड म्हणतील आणि पोरगी भातकुलीला द्यावी लागेल. ते खोटं बोलले होते हे खरं, पण त्यांचा आवाज तेव्हा खरा होता.

मनकर्णाबाई अंगण सारवून बादली घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली. तिने राघू पाहिला, नत्थुजींचे दंड पाहिले आणि विचारलं, "पहिलवान, सारवतानी कोनी भुईत उतरते का?"

तिने पदर खोचला, लोकरीची गादी बादलीत बुडवून पिळली आणि मशीन हातात घेतलं. चाळीस वर्षं जी बाई रोज शेणाचा हात फिरवते, तिला पाचही सूचना न वाचता येत होत्या. दाबायचं नाही. थांबायचं नाही. ओल सुटू द्यायची नाही. एका फेऱ्यावर दुसरा फेरा अर्धा चढवत जायचं, आणि उंबऱ्याच्या कडेला आलं की हात आणखी हलका करायचा. भवरा तिच्या हाताखाली असा गुरगुरला, जसं काही पोट भरलेलं मांजर. तीन दिवसांत मोटार आरसा झाली. (समितीने यावर चर्चा करून ठरवलं की बाईंनी केवळ नत्थुजींचं अपुरं काम हातावेगळं केलं. प्रमाणपत्र नत्थुजींकडेच राहिलं.)

शेवटच्या संध्याकाळी सत्यवती गादीवर पाणी शिंपडत होती. ती चमकलेल्या दारापाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी दिसून राह्यली याच्यात." मग बराच वेळ आपल्याच तोंडाकडे पाहून म्हणाली, "हे मोडलं त मले थ्या भातकुलीवाल्याले देतीन ना?" आत्याने मशीन बंद केलं आणि तिच्या पाठीवरून ओला हात फिरवला. मी लिहीत असलेली वही मिटून ठेवली. हेही इतिवृत्तात नाही, कारण तसा रकाना नाही.

मोटार लखलखली, पण राघूही लखलखला. ज्याला हात लागला त्याला चमक आली, भवरा भेदभाव करत नाही. तेव्हा उपाय माझ्या डोक्यातून निघाला आणि त्याचा मला दशमीपर्यंत गर्व होता. राघूवर झेंडूचा जाड हार टाकायचा. मंगल कार्याच्या मोटारीला हार असतोच. पार्बताबाई माळणीला मी हुकूम दिला: पाहुणे अकरा, त्यांना अकरा हार, आणि दाराला एक, एकूण बारा.

पार्बताबाई म्हणाली, "बाबूजी, एक जास्तीचा घ्या. पाव्हणे मोजून येत नाईत."

मी तिला शेषरावांचं पत्र दाखवलं, त्यात अकराच लिहिले होते. जास्तीच्या हाराची मागणी अनावश्यक म्हणून मी नामंजूर केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझी बेरीज चुकली नव्हती, आणि त्या दिवशीही चुकली नाही हे मी अजून सांगतो.

दशमीला आम्ही बडनेऱ्याला मोटार अशी उभी केली की ऊन डाव्या बाजूवर पडावं. टांगेवाले तिच्यात मिशा बघू लागले. एका टांग्याचा घोडा तिच्यातल्या घोड्यावर खिंकाळला. गाडी आली. शेषराव उतरले, त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई उतरल्या, देवीदास उतरला, काका, आतेभाऊ, सगळे मिळून अकरा. मी यादीवर खूण करत हार घालत गेलो. अकरावा हार संपला आणि डब्यातून बारावे गृहस्थ उतरले. हे देवीदासचे मामा. ते मूर्तिजापूरला ऐनवेळी गाडीत चढले होते.

आता वऱ्हाडात नवरदेवाचा बाप रुसला तर समजूत निघते. मामा रुसला तर निघत नाही. मामांनी एकदा अकरा गळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या रिकाम्या हातांकडे, आणि ते परत डब्याकडे वळले. गार्डाची शिट्टी झालीच होती. खुशालराव माझ्याकडे असे पाहू लागले की मला माझं पेन्शनसुद्धा आठवेना. सत्यवतीचं ते दारात दिसलेलं तोंड मात्र आठवलं. मी धावलो, मोटारीच्या दारावरचा हार ओढला आणि मामांच्या गळ्यात घातला. मामा खूश झाले. तो हार सगळ्यांत जाड होता.

मग मी वळलो, आणि मला कळलं की मी काय केलं.

ऊन नेमकं राघूवर पडलं होतं. बारा पाहुणे, सहा टांगेवाले आणि एक तिकीट तपासनीस त्याच्याकडे बघत होते, आणि तो एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत होता. तेवढ्यात रुख्मिणीबाईंनी छातीवर हात ठेवला.

"अवं माय," त्या म्हणाल्या, "हा त आपला राघू."

खुशालरावांच्या चेहऱ्यावरचा काळा रंग जाऊन हिरवा आला. मी वाट पाहत होतो की आता शेषराव ओरडतील, सोयरीक मोडतील, परत अकोल्याचं तिकीट काढतील. पण शेषराव ओरडेनात. ते बायकोकडे पाहून डोळ्यांनी काहीतरी विनवत होते, आणि त्यांच्या मागे उभे असलेले काका-मामा हळूहळू त्यांच्याकडे पाहू लागले होते. या सगळ्यांना शेषरावांची मोटार दोन वर्षं मुंबईला दुरुस्तीत आहे हे तोंडपाठ होतं.

"असे राघू लय गाड्यांवर राह्यतात," शेषराव म्हणाले.

"एका डोळ्याचे?" मामांनी विचारलं.

तेव्हा ओवाळणीचं ताट घेऊन मनकर्णाबाई पुढे आली. तिने शेषरावांना ओवाळलं, कुंकू लावलं आणि अगदी साध्या आवाजात चौकशी केली, "काहून जी व्याही, तुमची मोटार आली का मुंबईहून?"

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग राघूकडे. "येऊनच राह्यली," ते म्हणाले.

खुशालरावांना हळूहळू उमगलं, आणि त्यांचा मूळ रंग परत आला. घसा साफ करून ते म्हणाले, "आमची हे कोरी. खोक्यातली."

"दिसूनच राह्यलं," शेषराव म्हणाले.

आणि ते मोटारीत बसायला निघाले, आणि बोलण्याच्या नादात त्यांच्याकडून सवयीने एक गोष्ट झाली. ते जे शोभेचं दार गोवर्धनला, नत्थुजींना, कोणालाही उघडत नव्हतं, त्याची मूठ त्यांनी जरा वर उचलली, खाली गुडघ्याने एक धक्का दिला, आणि दार लगेच उघडलं. देवीदास मागे उभा होता. तो आधी कसाबसा दाबून, मग मोठ्याने हसला, सत्यवतीने आठवणीत ठेवलं होतं तसाच. मग मामा हसले, मग टांगेवाले. शेषराव आणि खुशालराव सोडून सगळे हसले. ते दोघे मागच्या सीटवर शेजारी बसून अमरावतीपर्यंत कापसाच्या भावाबद्दल बोलले.

साक्षगंध झालं. सत्यवतीने या वेळी पाणी सांडलं नाही, तरी देवीदासने धोतर मागे घेतलं, आणि ती पदराआड इतकी हसली की तिला ठसका लागला. भातकुलीच्या गृहस्थांचा काळा रंग पुढच्या पावसाळ्यात आपोआप गेला. समितीने स्वतःचं अभिनंदन करून काम संपवलं.

मशीन चिटणीस म्हणून माझ्याच ताब्यात आहे. लोकहितासाठी ते सर्वांना खुलं करावं असं ठरलं, मनकर्णाबाई चालवायला राजी आहे, आणि दर काही नाही. आजवर वरून चमक पाहिजे असे तीनशे बारा अर्ज आले. वरचा थर काढून खालचं दाखवा, असा एकही नाही.

आपण मघापासून त्या दोघा व्याह्यांना हसताय, हे मला इथून दिसत आहे. जरूर हसा. फक्त हसून झालं की आपल्या दारावरचा हार एकदा नीट पाहून घ्या, आणि पार्बताबाईचं ऐकून एक जास्तीचा घरात आणून ठेवा. आपला बारावा पाहुणा मूर्तिजापूरला गाडीत चढला आहे.